स्टेफी ग्राफची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन टेनिसपटू स्टेफी ग्राफचा विषय निघाला की तीन गोष्टी हमखास येतात. बावीस ग्रँडस्लॅम, गोल्डन स्लॅम आणि तिची प्रतिस्पर्धी मोनिका सेलेस. पहिल्या दोन कौतुकाने, तिसरी जरा आवाज खाली आणून. या तिन्हींवरचे प्रश्न खाली आहेतच. पण माझ्या मते तिची खरी गोष्ट यांच्या मधल्या फटीत राहून जाते, म्हणून तिथे थोडा जास्त वेळ घेतला आहे.

आधी आकडे सांगा. ती नेमकं काय काय जिंकली?

एकेरीत २२ ग्रँडस्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची जेतेपदं: ऑस्ट्रेलियन ४, फ्रेंच ६, विम्बल्डन ७, अमेरिकन ५. चारही स्पर्धा प्रत्येकी किमान चार वेळा जिंकणारी दुसरी खेळाडू, पुरुषांत वा महिलांत, आजवर झालेली नाही. एकूण एकेरी विजेतेपदं १०७. सामने जिंकले ९००, हरली ११५. क्रमवारीत पहिल्या स्थानावर एकूण ३७७ आठवडे. वर्षअखेरीस अव्वल असण्याचा मान आठ वेळा. १९८८चं ऑलिम्पिक सुवर्ण, १९९२चं रौप्य.

ती टेनिसकडे कशी वळली?

वळली असं म्हणणं कठीण आहे, तिला हातात रॅकेट देऊनच उभं केलं होतं. जन्म १४ जून १९६९चा, मानहाइमचा. वाढली जवळच्याच ब्रूल या छोट्या गावात. वडील पेटर ग्राफ टेनिस शिकवायचे. पोरगी तीन-चार वर्षांची असताना त्यांनी लाकडी रॅकेटची मूठ कापून तिला पेलेल एवढी केली आणि बैठकीच्या खोलीतच खेळ सुरू झाला. चेंडू ठरावीक वेळा सलग परतवला की खाऊ. पुढे हाच बाप तिचा प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि पहारेकरी झाला. त्याचं चांगलं-वाईट दोन्ही पुढे येईल.

तेराव्या वर्षी ती व्यावसायिक झाली, हे खरं का? आज असं चालेल का?

खरं आहे. १९८२च्या ऑक्टोबरमध्ये, तेरा वर्षांची असताना. पहिल्याच व्यावसायिक सामन्यात समोर ट्रेसी ऑस्टिन, म्हणजे अमेरिकन ओपन दोनदा जिंकलेली खेळाडू. स्टेफी ४-६, ०-६ हरली. अशा मुली अमेरिकेत शेकड्याने आहेत, अशा अर्थाचं काहीतरी ऑस्टिन त्यानंतर म्हणाल्याचं सांगतात. त्या दोघी पुन्हा एकदाच समोरासमोर आल्या, १९९४मध्ये इंडियन वेल्सला. स्टेफी जिंकली, ६-० ६-०. यावर तिने काही भाष्य केल्याचं मी वाचलेलं नाही, आणि गरजही नव्हती.

आज तेराव्या वर्षी अशी उडी घेता येणार नाही. कोवळ्या वयात थकून गेलेल्या मुली पाहिल्यावर नव्वदच्या दशकाच्या मध्यात महिला टेनिसने वयाचे नियम कडक केले. स्टेफीच्या वडिलांनी मात्र एक शहाणपण दाखवलं होतं. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी तिला मोजक्याच स्पर्धा खेळू दिल्या. विजेतेपदांची घाई केली नाही.

मग पहिलं विजेतेपद कधी?

एप्रिल १९८६. अमेरिकेतल्या हिल्टन हेड स्पर्धेच्या अंतिम फेरीत ख्रिस एव्हर्टला ६-४ ७-५ असं हरवून. व्यावसायिक होऊन साडेतीन वर्षं उलटल्यावर. त्यानंतर मात्र बांध फुटल्यासारखं झालं. १९८७च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत मार्टिना नवरातिलोवा समोर होती. तिसरा सेट लांबला, आणि मॅच पॉइंटवर नवरातिलोवाकडून डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकणं) झाला. ६-४ ४-६ ८-६. अठरा पूर्ण व्हायला काही दिवस बाकी असताना पहिलं ग्रँडस्लॅम. त्याच वर्षी १७ ऑगस्टला ती क्रमवारीत अव्वल झाली. त्या अख्ख्या वर्षात ती ७५ सामने जिंकली आणि दोनच हरली. दोन्ही नवरातिलोवाकडून, दोन्ही अंतिम फेरीत: एक विम्बल्डनची, एक अमेरिकन ओपनची. म्हणजे अव्वल स्थान मिळालं होतं, पण राज्य अजून घ्यायचं होतं.

गोल्डन स्लॅम म्हणजे नक्की काय?

एकाच वर्षात चारही ग्रँडस्लॅम आणि ऑलिम्पिकचं एकेरी सुवर्ण. हा शब्दच मुळात १९८८मध्ये तिच्यामुळे रूढ झाला, कारण आधी तसं काही शक्यच नव्हतं. टेनिस १९२४नंतर ऑलिम्पिकच्या पदकतालिकेतून बाहेर होतं, ते १९८८ला सोलमध्ये परतलं.

त्या वर्षाची सुरुवात मेलबर्नच्या नव्या कोऱ्या संकुलात झाली. ऑस्ट्रेलियन ओपन तोवर कूयाँगच्या हिरवळीवर व्हायची, ती त्या वर्षी पहिल्यांदा हार्डकोर्टवर आली. अंतिम सामन्यात पाऊस आला, छप्पर सरकवलं आणि उरलेला खेळ बंदिस्त झाला. एव्हर्ट हरली ६-१ ७-६. पॅरिसच्या फ्रेंच ओपनला नताशा झ्वेरेवा, त्याबद्दल पुढे. विम्बल्डनला नवरातिलोवा, जिने तिथे सलग सहा वर्षं कोणाला हात लावू दिला नव्हता. ती ७-५, २-० अशी पुढे होती. तिथून पुढच्या १३ गेमपैकी १२ स्टेफीने घेतले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन ओपनला गॅब्रिएला साबातिनी, ६-३ ३-६ ६-१. मग तीनच आठवड्यांत सोल, अंतिम फेरीत पुन्हा साबातिनी, ६-३ ६-३. तारीख १ ऑक्टोबर १९८८.

लाल माती, हिरवळ आणि दोन-तीन प्रकारचे हार्डकोर्ट. प्रत्येक पृष्ठभागावर चेंडू वेगळा उसळतो, पाय वेगळे टाकावे लागतात. त्या वर्षी ती एकूण तीनच सामने हरली. दोन साबातिनीकडून, एक पॅम श्रायव्हरकडून. कोणताच ग्रँडस्लॅममध्ये नाही.

ती ३४ मिनिटांची अंतिम फेरी हीच का?

हो, १९८८ची फ्रेंच. ६-० ६-०. झ्वेरेवाला सगळ्या सामन्यात मिळून १३ गुण मिळाले. आणि झ्वेरेवा काही अशीतशी नव्हती. त्याच स्पर्धेत तिने नवरातिलोवाला घरी पाठवलं होतं. त्याआधी ग्रँडस्लॅमची अंतिम फेरी अशी शून्यावर संपली होती ती १९११च्या विम्बल्डनमध्ये. त्यानंतर हे पुन्हा पाहायला २०२५चं विम्बल्डन उजाडावं लागलं, तेव्हा इगा स्वियातेकने अमांडा अनिसिमोवाला असंच हरवलं.

मला स्वतःला हा सामना पाहायला आवडत नाही. त्यात टेनिस कमी आणि एका सतरा वर्षांच्या मुलीचं कानकोंडं होणं जास्त दिसतं.

गोल्डन स्लॅम नंतर कोणी केलं?

एका मोसमात, एकेरीत, तिच्यानंतर दोघांनी, आणि दोघेही व्हीलचेअर टेनिसमधले. डिडे डी ग्रूट आणि डिलन अल्कॉट, दोघांनी २०२१मध्ये पॅरालिम्पिक सुवर्णासह. व्हीलचेअरविना खेळल्या जाणाऱ्या एकेरीत अजून स्टेफी एकटीच. त्याच २०२१मध्ये नोव्हाक जोकोविच पहिल्या तीन स्पर्धा जिंकून टोकियोला गेला, तिथे उपांत्य फेरीत अलेक्झांडर झ्वेरेवकडून हरला आणि नंतर अमेरिकन ओपनची अंतिम फेरीही हरला. त्याच्यासारख्याचं हे झालं, यावरून कामाचं वजन लक्षात यावं.

तिच्या फोरहँडमध्ये एवढं काय होतं?

पुस्तकी फोरहँडमध्ये चेंडू शरीराच्या पुढे, वेळेत गाठायचा असतो. स्टेफी तो उशिरा गाठायची. बघणाऱ्याला वाटायचं, गेला, आता हा हातून सुटला. रॅकेट डोक्याच्या उंचीवर मागे, कोपर वर, आणि शेवटच्या क्षणी चाबूक ओढावा तसा हात खाली यायचा. चेंडू जाळीवरून जेमतेम हातभर उंचीने, सपाट, कोपऱ्यात. उशीर केल्यामुळे प्रतिस्पर्ध्याला दिशेचा अंदाजच यायचा नाही.

पण हे जमायचं पायांमुळे. तिचे पाय बघा, हात नंतर बघा. चेंडू पलीकडे असतानाही ती चवड्यांवर नाचत असायची. एक मोठी ढांग टाकण्याऐवजी पाच-सहा बारीक पावलं. डाव्या कोपऱ्यात आलेला चेंडूसुद्धा ती धावत वळसा घालून फोरहँडनेच घ्यायची, त्यामुळे अर्धं कोर्ट उजवीकडे मोकळं पडायचं. आता मारा तिथे, असं जणू आमंत्रणच. प्रतिस्पर्धी मारायची, आणि ही तिथे आधीच पोचलेली.

बॅकहँड कच्चा होता, असं म्हणतात?

म्हणणाऱ्यांनी तो कधी परतवून पाहावा. एका हाताचा स्लाइस, म्हणजे चेंडू खालून कापत मारलेला, खाली राहणारा, विम्बल्डनच्या गवतावर तर घोट्याच्या वर न उठणारा. समोरचीला गुडघे वाकवून तो उचलावा लागायचा, आणि उचललेला चेंडू मग फोरहँडच्या तोंडी. टॉपस्पिन (चेंडूला पुढे फिरकी देणारा) बॅकहँडही तिच्याकडे होता. प्रतिस्पर्धी जाळीकडे धावून आली तर बाजूने चेंडू काढायला ती वापरायची, एरवी फारसा नाही. जिथे तिला खरोखर अडचण यायची ती डाव्या बाजूला सतत खोलवर, जोरात, दोन्ही हातांनी मारणाऱ्या खेळाडूसमोर. म्हणजे मोनिका सेलेससमोर.

सेलेसवरच्या हल्ल्याचं नेमकं काय झालं?

३० एप्रिल १९९३, हॅम्बुर्ग. सेलेस माग्दालेना मालीवाविरुद्ध खेळत होती. बाजू बदलताना खुर्चीवर बसलेली असताना प्रेक्षकांतून एक माणूस पुढे आला आणि त्याने तिच्या पाठीत सुरी खुपसली. गुन्टर पार्शे त्याचं नाव. स्टेफीचा वेडा चाहता. सेलेसला खेळातून बाहेर काढलं की स्टेफी पुन्हा अव्वल होईल, एवढाच त्याचा हेतू. आणि झालंही तसंच. न्यायालयाने त्याला दोन वर्षांची शिक्षा सुनावली, तीही स्थगित. तो तुरुंगाबाहेरच राहिला. सेलेस त्यानंतर जर्मनीत कधी खेळली नाही.

तेव्हा सेलेस १९ वर्षांची होती. १९९१च्या सुरुवातीपासून खेळलेल्या आठपैकी सात ग्रँडस्लॅम तिने जिंकल्या होत्या. आठवी, १९९२चं विम्बल्डन, तिला अंतिम फेरीत स्टेफीने ६-२ ६-१ असं हरवून घेतली होती. जखम काही आठवड्यांत भरली, मन भरायला दोन वर्षांहून जास्त लागली. स्टेफी तिला रुग्णालयात भेटून आली होती.

मग स्टेफीची किती जेतेपदं "खरी"?

हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. सरळ उत्तर देतो. सेलेस नसतानाच्या काळात, म्हणजे १९९३च्या फ्रेंचपासून १९९५च्या विम्बल्डनपर्यंत, स्टेफीने सहा ग्रँडस्लॅम जिंकल्या. सेलेस असती तर त्यातल्या काही तिच्याकडे गेल्या असत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. किती, हे कोणालाच सांगता येणार नाही.

पण हिशेब करायचाच तर पूर्ण करा. हल्ल्याआधी स्टेफीकडे ११ होत्या. सेलेस परतल्यानंतर १९९५ आणि १९९६ अशा दोन्ही अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत त्या समोरासमोर आल्या, दोन्ही स्टेफीने घेतल्या. १९९९ला पॅरिसमध्ये उपांत्य फेरीतही. दोघींच्या एकूण १५ सामन्यांत स्टेफी १० जिंकली. सेलेसचं जे गेलं ते गेलंच, त्याची भरपाई नाही. मात्र ते नेणारा हात पार्शेचा होता. तो हिशेब स्टेफीच्या वहीत मांडायचा नाही, असं माझं मत आहे. तिने ते कधी मिरवलंही नाही.

१९९३चं विम्बल्डन आणि याना नोवोत्नाचे अश्रू?

तिसऱ्या सेटमध्ये नोवोत्ना ४-१ पुढे होती आणि ५-१ करायला एकच गुण हवा होता. सर्व्हिस तिचीच. तिने डबल फॉल्ट केला, तोही साधासुधा नाही, दुसरी सर्व्हिस भलतीकडेच गेली. तिथून सगळं ढासळलं. एक सोपी व्हॉली चुकली, एक स्मॅश चुकला, पुन्हा डबल फॉल्ट. स्टेफीने सलग पाच गेम घेतले, ७-६ १-६ ६-४. बक्षीस समारंभात ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून नोवोत्ना रडली आणि तो फोटो जगभर गेला.

लोकांना नोवोत्नाचं हरणं आठवतं. स्टेफीने त्या पाच गेममध्ये काय केलं ते सहसा सांगितलं जात नाही. तिने काहीही केलं नाही. म्हणजे चेंडू आत ठेवला, नेहमीच्या घाईने पुढच्या गुणासाठी जागेवर जाऊन उभी राहिली, चेहरा तसाच. दोन गुणांच्या मध्ये ती कधीच रेंगाळायची नाही. घाबरलेल्या माणसाला सावरायला वेळ लागतो, आणि तोच मिळत नव्हता. नोवोत्नाने १९९८ला अखेर विम्बल्डन जिंकलं, हे मात्र सांगायलाच हवं.

तिचं सर्वोत्तम वर्ष कोणतं? १९८८च ना?

बहुतेक जण हेच म्हणतील. काही जण १९८९ म्हणतील, ८६ विजय, दोन पराभव, तीन ग्रँडस्लॅम. चौथी फ्रेंच होती, ती अंतिम फेरीत अरांचा सांचेझकडे गेली.

माझं उत्तर मात्र १९९५ आणि १९९६, जोडीने. दोन्ही वर्षं ती दुखापतींमुळे ऑस्ट्रेलियाला गेलीच नाही. पाठ दुखत होती, पायाचं दुखणं वेगळं, गुडघा कुरकुरायला लागला होता. १९९५च्या ऑगस्टमध्ये वडिलांना करचुकवेगिरीच्या आरोपावरून अटक झाली आणि चौकशीची झळ तिलाही लागली. अशा दोन वर्षांत ती सहा ग्रँडस्लॅम खेळली आणि सहाही जिंकली. तीन अंतिम फेऱ्या तिसऱ्या सेटपर्यंत ताणलेल्या सांचेझविरुद्ध, त्यातली १९९६ची पॅरिसची तर १०-८ला सुटलेली.

१९८८ला ती सगळ्यांपेक्षा वेगवान आणि ताजी होती, तिच्यासमोर प्रश्नच कमी होते. १९९५ला प्रश्नांशिवाय दुसरं काही नव्हतं.

वडिलांच्या प्रकरणात तिचाही हात होता का?

तिच्या कमाईचे व्यवहार वडील बघायचे. १९९७च्या जानेवारीत त्यांना तीन वर्षं नऊ महिन्यांची शिक्षा झाली. तिच्याविरुद्धची चौकशी रक्कम भरल्यावर बंद झाली, तिच्यावर खटला चालला नाही. १९९५चं अमेरिकन ओपन जिंकल्यावर पत्रकार परिषदेत वडिलांचा विषय निघाला तेव्हा तिला रडू आवरलं नाही. कोर्टवर चेहऱ्याची रेषही न हलवणारी ती हीच.

विम्बल्डनमध्ये कोणीतरी तिला लग्नाची मागणी घातली होती म्हणे?

१९९६ची उपांत्य फेरी, समोर किमिको दाते. स्टेफी सर्व्हिस करायच्या तयारीत, स्टेडियम चिडीचूप, आणि गर्दीतून आवाज आला: स्टेफी, माझ्याशी लग्न करशील का? सगळे हसले. तिने दोन-तीन वेळा चेंडू आपटला, स्वतः हसली आणि विचारलं: तुझ्याकडे पैसे किती आहेत? मग सर्व्हिस केली. एवढंच. तिच्या कारकिर्दीतला विनोदाचा कोटा बहुधा तिथेच संपला.

बोरिस बेकर आणि ती एकाच गावचे का?

नाही, पण जवळजवळचे. तो लायमेनचा, ती ब्रूलची, दोन्ही हायडेलबर्गच्या आसपास. १९८९ला विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या दोन्ही स्पर्धांची एकेरीची पुरुष आणि महिला जेतेपदं या दोघांनी घरी नेली. तिथल्या मातीत काय होतं कोण जाणे.

तिचे प्रशिक्षक कोण होते?

वडिलांनंतर पावेल स्लोझिल, आणि नव्वदच्या दशकात, निवृत्तीपर्यंत, हाइन्झ गुन्टहार्ट.

दुहेरीत काही केलं का?

फारसं मनावर घेतलं नाही. १९८८चं विम्बल्डन दुहेरी साबातिनीबरोबर जिंकलं, ते एकच ग्रँडस्लॅम. त्याच वर्षी सोलला क्लाउडिया कोडे-किल्शबरोबर कांस्य. सांघिक फेडरेशन कप मात्र दोनदा, १९८७ आणि १९९२.

१९९९ची फ्रेंच ओपन इतकी का आठवली जाते?

कारण ती कोणाच्याच हिशेबात नव्हती. १९९७ला गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर क्रमवारी पार कोसळली होती. पॅरिसला सहावं मानांकन. तिथे तिने उपांत्यपूर्व फेरीत दुसऱ्या क्रमांकाची लिंडसे डेव्हनपोर्ट, उपांत्य फेरीत तिसऱ्या क्रमांकाची सेलेस आणि अंतिम फेरीत पहिल्या क्रमांकाची मार्टिना हिंगिस अशा तिघींना हरवलं. एकाच ग्रँडस्लॅममध्ये पहिल्या तिघींना हरवणारी खुल्या युगातली (१९६८पासून, म्हणजे व्यावसायिकांना ग्रँडस्लॅम खुल्या झाल्यानंतरची) ती पहिली.

हिंगिस १८ वर्षांची, हुशार आणि तेव्हा जराशी उर्मट. ६-४, २-० पुढे असताना तिचा एक फटका बाहेर दिला गेला. ती थेट जाळी ओलांडून स्टेफीच्या बाजूला गेली आणि मातीतला ठसा बोटाने दाखवू लागली. टेनिसमध्ये हे चालत नाही. तिला गुणाचा दंड झाला आणि प्रेक्षक बिथरले. तरी ५-४ला सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस तिचीच होती, विजय तीन गुणांवर. तिथून स्टेफीने दुसरा सेट ७-५ खेचला. तिसऱ्यात मॅच पॉइंट वाचवताना हिंगिसने खालून सर्व्हिस केली, त्यावर स्टेडियममध्ये जो गोंगाट उठला तो रेकॉर्डिंगमध्येही कानाला झोंबतो. ६-२. हिंगिस रडत आत गेली, आई तिला हाताला धरून बक्षीस समारंभाला परत घेऊन आली.

स्टेफीने त्याच दिवशी सांगून टाकलं की पॅरिसला ही शेवटची खेप.

इतकं सगळं चांगलं चाललं असताना निवृत्ती का?

पॅरिसनंतर विम्बल्डनची अंतिम फेरी ती डेव्हनपोर्टकडून हरली. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात एमी फ्रेझरविरुद्धचा सामना दुखापतीमुळे अर्धवट सोडला, आणि १३ ऑगस्ट १९९९ला निवृत्ती जाहीर केली. वय तीस, क्रमवारी तिसरी. मिळवायचं काही उरलं नाही आणि खेळताना पूर्वीसारखी मजा येत नाही, असा तिच्या बोलण्याचा सूर होता. निरोपाची मालिका नाही, प्रत्येक गावात हात हलवणं नाही. पुढे परत येईन म्हणून दार किलकिलं ठेवणंही नाही.

तिचे कोणते विक्रम अजून शाबूत आहेत?

महिलांमध्ये अव्वल स्थानाचे ३७७ आठवडे कोणी गाठलेले नाहीत. पुरुष-महिला मिळून पाहिलं तर २०२३ला जोकोविच तिच्या पुढे गेला. सलग १८६ आठवडे अव्वल राहण्याच्या विक्रमाशी सेरेना विल्यम्सने २०१६ला बरोबरी केली. १८७वा आठवडा तिला मिळू दिला नाही तो अँजेलिक केर्बरने, म्हणजे पुन्हा जर्मन. सलग १३ ग्रँडस्लॅमच्या अंतिम फेऱ्या, १९८७च्या फ्रेंचपासून १९९०च्या फ्रेंचपर्यंत, हाही कायम. ग्रँडस्लॅमच्या संख्येत सेरेना २०१७ला २३वर गेली. मार्गारेट कोर्टच्या नावावर २४ आहेत, त्यातल्या बऱ्याच खुल्या युगाच्या आधीच्या.

सेरेना मोठी की स्टेफी?

सेरेनाची सर्व्हिस स्टेफीकडे नव्हती, स्टेफीचे पाय सेरेनाकडे नव्हते. ताकदीच्या टेनिसमध्ये आजच्या रॅकेटने दोघींना उभं केलं तर मी सेरेनावर पैसे लावीन. चार वेगळ्या पृष्ठभागांवर, वर्षभर, न घसरता कोण खेळेल असं विचारलंत तर स्टेफीवर. १९९९ला दोघी दोनदा समोरासमोर आल्या होत्या आणि दोघी एकेकदा जिंकल्या. या वादात यापेक्षा तटस्थ पुरावा मिळणार नाही.

निवृत्तीनंतर ती काय करते?

२००१च्या ऑक्टोबरमध्ये तिने आंद्रे आगासीशी लग्न केलं. योगायोग असा की १९९९ची पुरुषांची फ्रेंच ओपन त्यानेच जिंकली होती. लास वेगासला राहतात, दोन मुलं आहेत. युद्ध आणि हिंसाचारात होरपळलेल्या मुलांसाठी १९९८ला तिने चिल्ड्रन फॉर टुमॉरो ही संस्था सुरू केली. २००४ला टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. समालोचन, वादविवाद, टीव्हीवरची मतं यांपासून ती दूर आहे. शोधूनही फारशी सापडत नाही.

तिचा एकच सामना पाहायचा तर कोणता?

१९९५ची विम्बल्डन अंतिम फेरी, सांचेझविरुद्ध. पूर्ण बघायला वेळ नसेल तर तिसऱ्या सेटमधला अकरावा गेम तेवढा बघा. ५-५, सर्व्हिस सांचेझची. एकटा गेम वीस मिनिटं चालला. ३२ गुण, १३ वेळा ड्यूस, म्हणजे ४०-४० अशी बरोबरी. सांचेझ प्रत्येक चेंडू परत आणतेय, कधी लॉब, कधी ड्रॉप शॉट. स्टेफी कोपऱ्यातून कोपऱ्यात. ड्यूस झाला की ती मनगटाने कपाळ पुसते, वळते आणि लगेच पुन्हा चवड्यांवर. शेवटी सर्व्हिस भेदली तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि दोघी खुर्चीकडे निघाल्या होत्या. पुढच्या गेमला स्टेफीने सर्व्हिस केली आणि सामना संपवला.